वय पंधरा, गुडघे अठ्ठावन्न

...नाही, मला तुम्हीच सांगा, सकाळची वेळ आहे, माणूस बाहेरच्या बेसिनपाशी तोंडात ब्रश घालून उभा आहे, अजून डोळेसुद्धा धड उघडलेले नाहीत, आणि बंद बाथरूममधून एक पंधरा वर्षांचा मुलगा ओरडतो, "सोडा मला! मला पळायचंय!"... काय करायचं माणसानं? पळ ना बाबा! धरलंय कुणी? मी दारावर थाप मारतो. आत एकदम चिडीचूप. मग कडी सरकते, दार उघडतं, आणि बाहेर कोण येतं? आमची ही! वय वर्षं अठ्ठावन्न, डाव्या गुडघ्याला पट्टा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, आणि वर मलाच म्हणते, आता स्वतःच्या आवाजात बरं का, "अहो, किती ते दार बडवताय! गेला ना माझा मुलगा!"

तुम्हाला सांगतो, आमच्या घरात माणसं दोन. पोरं आपापल्या संसाराला लागली, आता उरलो ही आणि मी. पण तिसरा एक आहे. खात नाही, पीत नाही, आंघोळीला पाणी मागत नाही, पण बाथरूम मात्र अडवून बसतो! हिच्या गळ्यात राहतो तो. नाव तुफान. हसू नका, खरंच तुफान! हिला जिना उतरायचा तर कठडा धरून, आडवं पाऊल टाकत, दर पायरीला 'आई गं' म्हणत उतरावं लागतं, आणि नाव काय, तर तुफान!

आता हा काय प्रकार, ते ऐका. ही आवाजाची बाई आहे. परदेशातनं ती कार्टून येतात ना... थांबा, थांबा, चुकलो. ॲनिमे. 'कार्टून' म्हटलं की त्या दिवशी आमच्याकडे जेवण गरम करून मिळत नाही. "अहो, कार्टून म्हणजे एकमेकांच्या डोक्यात हातोडे घालतात ते. ह्याला ॲनिमे म्हणतात. ह्यात माणसाचं मन असतं!" बरं बाई, ॲनिमे. तर चित्र तिकडचं, पळणं तिकडचं, घाम तिकडचा, आणि आवाज आमच्या बाथरूममधला! त्याला डबिंग म्हणायचं. काचेमागे अंधाऱ्या खोलीत माईकसमोर उभं राहायचं, कानाला हेडफोन लावायचा, पडद्यावरच्या माणसाचं तोंड उघडलं की आपलं उघडायचं, त्याचं मिटलं की आपलं मिटायचं. मी म्हटलं, हे तर मी लग्न झाल्या दिवसापासून करतोय, मला नाही कुणी मानधन दिलं!

तशी ही मुरलेली आहे हं ह्या कामात. साबणाच्या जाहिरातीतलं रडकं बाळ... ही. दातात बसून खदाखदा हसणारा किडा... ही. झाडावरची खार, तळ्यातलं बदक, वाट चुकलेलं कोकरू, सगळी हीच. एवढंच कशाला, आमच्या वीज ऑफिसात तक्रारीचा फोन लावलात की, "आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे, कृपया प्रतीक्षा करा," म्हणणारी बाईसुद्धा हीच! आणि मी त्याच ऑफिसात मीटर वाचायला. आयुष्यभर लोकांचे जिने चढलो आणि दारोदार शिव्या खाल्ल्या. "अहो मीटरवाले, तुमची ती फोनवरची बाई नुसती ताटकळत ठेवते हो!" मी काय सांगणार कपाळ? मला घरीसुद्धा तेच आहे म्हणून? आपलं काम काय? आपण फक्त ऐकायचं.

तर हा तुफान. ह्याला आधी खरोखरीचाच मुलगा होता आवाज द्यायला. छान चालला होता. पण निम्मी मालिका झाली आणि पोराचा आवाज फुटला! पडद्यावरचा तुफान होता तेवढाच आहे, ओठावर लव नाही, आणि तोंड उघडलं की आतून काका बोलतात! म्हणून तर मुलग्यांचे आवाज बायकांकडून घेतात. बायकांचा आवाज चढतो, पण असा मधेच फुटत नाही. मग हिला बोलावणं आलं. तिथला जो दिग्दर्शक आहे, तो घरात, दारात, अंधारात, कुठेही डोक्यावरची टोपी काढत नाही, म्हणून आम्ही त्याला टोपीच म्हणतो. तर टोपी म्हणाला, "ताई, एकच वाक्य म्हणून दाखवा." हिनं म्हटलं. तिथं बटणं फिरवायला एक रेकॉर्डिस्ट मुलगी बसते, तिनं म्हणे खुर्ची गर्रकन फिरवली आणि दाराकडे बघितलं... कोण मुलगा आत आला म्हणून! टोपी म्हणाला, "ताई, हे शिकून येत नाही. उपजत आहे तुमचं!"

झालं! तेव्हापासून जो येतो तो हेच म्हणतो. उपजत! आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात, ते तर जिन्यात हिला बघून चपला काढायचे तेवढे बाकी ठेवतात. "वहिनी, देणगी आहे हो ही! देणगी!" अहो मास्तर, देणगी काय देणगी? ती देणगी मी रोज बाथरूमच्या दाराबाहेर तोंडात फेस घेऊन ऐकतो! एकच वाक्य, "मी हरणार नाही", चाळीस तऱ्हांनी! आधी 'मी' वर जोर, मग 'हरणार' वर जोर, मग रडत, मग दात-ओठ खाऊन, मग पाण्याचा नळ सोडून, मग नळ बंद करून... माझ्या तोंडातला फेस वाळतो, पण तिकडे हा हरत नाही!

आणि नुसती वाक्यं असती तर एक वेळ चाललं असतं हो. ॲनिमे पळापळीचं! चार मुलं आणि एक काठी. काठी घेऊन पळायचं आणि पुढच्याच्या हातात द्यायची, तो पळणार, तो त्याच्या पुढच्याला देणार. रिले. मी म्हटलं, एवढंच होय? आमच्या ऑफिसात फायली अशाच फिरायच्या, फक्त पोचायच्या नाहीत. तर पळणं आलं की धापा आल्या. आणि धापा म्हणजे साधं काम वाटलं का तुम्हाला? धावायला लागल्याची धाप वेगळी, पोटात कळ आल्याची वेगळी, जिंकल्यावरची वेगळी, हरल्यावरची वेगळी! ही आपली दुपारी कपड्यांच्या घड्या घालताघालता... हा हा हा हा, हं हं हं, हाऽ हाऽ... मी पेपर वाचतोय. पडल्याचा आवाज हवा म्हणून धाडकन गादीवर पडते. एकदा काय झालं, बेल वाजली. दारात मास्तर, चेहरा पांढराफटक, हातात त्यांचं वाफ घ्यायचं मशीन! "कुणाला लागलीय धाप? आधी बसवा त्यांना! खिडक्या उघडा!" आत ही गादीवर उताणी, मला म्हणते, "अहो, जमली बहुतेक!" मास्तरांना चहा पाजला, मशीन परत पाठवलं. आपलं काम काय? आपण फक्त ऐकायचं.

पण खरं सांगू? ऐकता ऐकता माझा जीव गुंतला हो त्या कार्ट्यात... कार्टूनमध्ये... ॲनिमेमध्ये! कारण तो तुफान आहे ना, शेवटची काठी त्याच्या हातात. सगळी शाळा म्हणते, ह्याला काय, हा पळतच जन्माला आला. त्याच्या शाळेतले मास्तर म्हणतात, पोरं म्हणतात, ज्या बाकीच्या तिघांचे पाय पळून पळून सोलपटलेत ते तिघंही म्हणतात, तुला काय बाबा, तुझं उपजत! आणि हा पठ्ठ्या काय करतो माहितीये? सगळे यायच्या आधी पहाटे एकटा मैदानावर जातो आणि प्रेक्षकांच्या रिकाम्या पायऱ्या चढतो. चढतो, उतरतो, चढतो, उतरतो, उलटी होईपर्यंत! आणि पोरं आली की तोंड पुसून असा उभा, जणू आत्ताच उठून आलाय. कुणाला सांगत नाही. का? तर भीती! हे कळलं तर लोक म्हणतील, अरे, हा तर आपल्यासारखाच आहे!

आता मला सांगा, बाथरूममध्ये नळ सोडून घोकणारी माणसं मी काय पहिल्यांदा बघत होतो?

तर आला शेवटचा भाग. मोठी शर्यत दुसऱ्या दिवशी, आणि ह्याचं अवसान गळालंय. हा पळून जातो, त्याच पायऱ्या चढत सुटतो, पार वर जाऊन कोसळायला येतो, मागून मित्र येतो, आणि हा त्याच्याकडे पाठ करून, धापा टाकत, पहिल्यांदा खरं बोलतो. सगळ्या मालिकेचा जीव त्या एका ठिकाणी. ही सकाळी गेली ती हसत गेली. मी म्हटलं, चला, आज दुपारी मुलगा रडणार, उद्यापासून बाथरूम मोकळं.

संध्याकाळी ही घरी आली. चपला काढल्या, पर्स खुंटीला लावली, पाणी प्यायली, भाजी निवडायला बसली. हूं नाही की चूं नाही. आणि तुम्हाला सांगतो, मला एकदम काय जाणवलं? ती एकटीच घरी आली होती. मुलगा आला नव्हता! एरवी दारातूनच, "मी आलोऽ! भूक लागलीय!" असं त्याच्या आवाजात ओरडते, मी म्हणतो, "हात धू आधी!" हे आमचं रोजचं आहे... म्हणजे, घरात पोर नसलं की माणसं असले उद्योग करतात, तुम्ही लक्ष देऊ नका. पण त्या दिवशी घर कसं सुनं सुनं. नळसुद्धा गळत नव्हता. मी म्हटलं, "मुलगा कुठाय?" तर हिच्या डोळ्यांतून टपकन पाणी भाजीत.

म्हणाली, टोपीनं सकाळपासून तोच एक तुकडा पुन्हा पुन्हा घेतला. आणि दर वेळी, ही टोपीचा आवाज काढून दाखवते हं रडता रडतासुद्धा, "ताई, छान. सुंदर. एकदम तयार. पण मला हे तयार नकोय. हा मुलगा घाबरलाय, आणि तुमचा आवाज घाबरत नाहीये. धापसुद्धा कशी सुरात लागतेय." शेवटी म्हणाला, "उद्या सकाळी एकदा बघू. नाहीच जमलं तर नाटकातला एक तरुण मुलगा आहे, तेवढा तुकडा त्याच्याकडून घेऊ." तेवढा तुकडा! अहो, माणसाचं सगळं अंग तुमचं, आणि काळीज तेवढं दुसऱ्याचं बसवणार?

मी म्हटलं, "त्या टोपीला काय कळतंय!" तर ही म्हणते, "त्याला कळलं हो. त्यालाच कळलं. मला काही येत नाही. लोकांना वाटतं, उपजत आहे. मी आपली घोकते. घोकलेलं आहे सगळं. आणि घोकून घाबरता येत नाही." आणि पुन्हा भाजी.

आता अशा वेळी शहाण्या नवऱ्यानं काय बोलावं? चार धीराचे शब्द बोलावे, पाठीवरून हात फिरवावा. मी काय केलं? मी त्या वेळी बरणीचं झाकण उघडत होतो, ते बसलं होतं घट्ट, माझी सगळी ताकद तिकडे. तशात माझ्या तोंडून गेलं, "अगं, उपजत पळतं ते मांजर! माणूस पडून पडूनच पळायला शिकतो. ह्यात रडायचं काय?... ह्या झाकणाला आज झालंय तरी काय!" हे माझं सांत्वन! हिनं माझ्या हातातून बरणी घेतली, झाकण उघडलं, माझ्यापुढे ठेवली आणि आत निघून गेली. म्हटलं, झालं, बिघडवलंस आणखी. आपलं काम काय? आपण फक्त ऐकायचं. तोंड घालायला सांगितलंय कुणी?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममध्ये आवाज नाही. काही घोकणं नाही, नळ नाही. मी ब्रश करून मोकळा झालो, आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर, आणि सांगतो तुम्हाला, दात घासल्यासारखं वाटलंच नाही. ही निघून गेली. मी बाथरूममध्ये गेलो, बघतो तर काय, वॉशिंग मशीनवर हिचा वाचायचा चष्मा! आता बोला! त्या अंधाऱ्या खोलीत, कागदावरची अक्षरं मुंगीएवढी, आणि बाई चष्मा घरी ठेवून गेलेल्या! आज एकच संधी, आणि ही तिथं डोळे बारीक करून उभी राहणार, आणि तो टोपी म्हणणार, बघा, म्हटलं नव्हतं, वय झालंय! मी पायात सापडल्या त्या चपला घातल्या, एक माझी, एक हिची, हे मला नंतर कळलं, आणि धूम ठोकली. बस समोरून गेली. दुसरीला लोंबकळलो. स्टुडिओच्या इमारतीत शिरतो तर लिफ्टला दोरी बांधलेली, आणि स्टुलावर बसलेला राखणदार जांभई देत म्हणतो, "आत्ताच बंद पडलीय. स्टुडिओ पाचवा मजला."

पाचवा तर पाचवा! मी म्हटलं, अरे, आम्ही मीटरवाले! जिना म्हणजे आमचं माहेर! पहिला मजला, दातांचा दवाखाना, आतून कोणीतरी बोंबलतंय, मी झपाझप. दुसरा मजला, शिकवणीचे वर्ग, पोरांच्या चपलांच्या ढिगातून उडी. तिसऱ्या मजल्यावर माझ्या लक्षात आलं की निवृत्त होऊन बरीच वर्षं झालीत. चौथ्यावर माझ्या पोटानं मला सांगितलं, तू हो पुढे, मी येतो मागून. पाय जड झाले, कानात ढोल, छातीत कोणी भाता घेऊन बसलंय, आणि तुम्हाला सांगतो, त्या चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधल्या वळणावर मी कठड्याला टेकलो आणि मला खरोखर वाटलं, नाही जमत. बसावं इथंच. एक चष्मा तो काय... आणि मग मला तो तुफान आठवला. एवढंसं पोर, चित्रातलं, तेही रोज चढतं. म्हटलं, ऊठ मेल्या मीटरवाल्या!

वर दारावर लाल दिवा लागलेला. मला काय माहीत तो कशाचा! मला वाटलं, लिफ्ट बंद असल्याचा असेल. ढकललं दार. आत आणखी एक दार, गादी लावलेलं, तेही ढकललं आणि पडलो तो थेट आत! अंधार. एक बारीक दिवा. दिव्याखाली ही, माईकसमोर, हेडफोन लावून. समोर पडद्यावर तुफान पायऱ्या चढतोय. आणि मी दारात, चष्मा पुढे धरून... "हाऽ... हाऽ... च... हाऽ... चष्... हाऽ हाऽ..." पुढचं येईना!

काचेपलीकडे काय चाललंय बघतो, तर टोपी उभा राहून दोन्ही हात असे गरगर फिरवतोय. मला वाटलं, हाकलतोय! मी मागे वळलो. तर ती रेकॉर्डिस्ट मुलगी खुर्चीतून उठली आणि ओठावर बोट ठेवून मुंडी हलवतेय, नाही, नाही! टोपी जे बोलत होता ते फक्त हिच्या हेडफोनात, मला ऐकू येणार कसं? नंतर कळलं, तो म्हणत होता, "ताई, सोडू नका त्यांना! काकांना माईकवर घ्या! धाप तुटू देऊ नका!" आणि हिनं, अहो, जिनं चारचौघांत कधी माझा हात धरला नाही, तिनं माझी कॉलर धरली, मला खस्सकन माईकपाशी ओढलं, आणि धरून ठेवलं. मी आपला धापा टाकतोय. दुसरं काय करणार? थांबवून थांबत नव्हत्या!

तिनं माझ्याकडे पाहिलं. घामानं थबथबलेला मी, पायात दोन जातींच्या चपला, मुठीत चष्मा. आणि तिचा चेहरा काय झाला... घाबरली हो ती! माझं काही बरंवाईट होतंय की काय म्हणून खरंच घाबरली! आणि पडद्यावर तुफाननं पाठ फिरवली.

आता त्या कामातली एक गंमत ऐका. पात्राचं तोंड दिसत असलं की त्याच्या तोंडाला तोंड जुळवावं लागतं, एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही. पण पात्र पाठमोरं झालं की मोकळं रान! कागदावर त्या जागी लिहिलेलं होतं, 'माझ्यात प्रतिभा नसून केवळ परिश्रम आहेत.' असं कुठला मुलगा बोलतो? आमचा तर नाही बोलत! आणि तिथं, माझ्या धापांच्या मधे मधे, माझ्या कानापासून वीतभर अंतरावर, आमचा मुलगा बोलायला लागला.

"सगळे म्हणतात, तुझं उपजत आहे... उपजत पळतं ते मांजर. मी पडून पडून शिकलोय रे. रोज इथं येतो. रोज वाटतं, आज नाही जमणार... मला पळता येत नाही. मला फक्त थांबता येत नाही."

आवाज कापत होता हो. शेवटच्या शब्दाला तर चक्क चिरकला, आणि हिचा आवाज चिरकलेला मी ह्या जन्मात ऐकला नव्हता! मग नुसत्या माझ्या धापा. काचेमागे टोपीनं, तुम्हाला सांगतो, डोक्यावरची टोपी काढली. आत टक्कल! लख्ख! आणि ती रेकॉर्डिस्ट मुलगी ओढणीनं डोळे पुसतेय. टोपी बाहेर आला, म्हणाला, "झालं. पुन्हा घ्यायचं नाही. ह्याला हात लावायचा नाही कुणी." मी म्हटलं, "अहो, पण... हाऽ... चष्मा..." तर ही म्हणते, "चष्मा कशाला? मला पाठच होतं सगळं!" पाठच होतं! पाच मजले, राव!

ज्या दिवशी तो भाग लागला त्या दिवशी दुपारी इमारतीतली झाडून सगळी पोरं आमच्याकडे. मास्तर खुर्ची घेऊन वर आलेले. तुफान पायऱ्या चढला, त्यानं पाठ फिरवली. ती सगळी वांड पोरं, कधी एका जागी न बसणारी, गपगार. मास्तर नाक पुसून म्हणाले, "वहिनी! काय ती धाप हो! काळीज हललं. म्हणतो ना मी, उपजत आहे तुमचं!" तर ही काय म्हणाली माहितीये? म्हणाली, "मास्तर, माझं काही उपजत नाही. मी बाथरूममध्ये घोकते. आणि ती धाप माझी नाहीच. ह्यांची आहे."

सगळी पोरं वळून माझ्याकडे बघायला लागली! तुम्हाला सांगतो, आयुष्यभर जिने चढलो, कुणी पाणी विचारलं नाही, आणि त्या दिवशी चड्डीतली पोरं माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच तो! ऊर भरून आला. कशाला खोटं बोलू? पण माझ्यासाठी नाही हो. ती चारचौघांत म्हणाली ना, मी घोकते म्हणून, ताठ मानेनं, त्याच्यासाठी. ही बाई कोण आहे हे मला एकट्याला माहीत होतं इतकी वर्षं, दाराबाहेर उभं राहून, आणि आता सगळ्या इमारतीला कळलं. मास्तर उठले, माझा हात हातात घेतला, म्हणाले, "मीटरवाले, मानलं! छान झालं हो तुमचं कार्टून!" मी म्हटलं, "मास्तर! कार्टून नाही, ॲनिमे! ह्यात माणसाचं मन असतं!"

इथवर झालं ते झालं. संपायला हवं होतं की नाही? पण नाही! त्याची दुसरी मालिका आली. तुफान आता मोठ्या शाळेत, मोठं मैदान, जास्त पायऱ्या! टोपीचा निरोप, "ताई, येताना काकांना आणा." गेलो. इस्त्रीचा शर्ट घातला, चपला तपासून घेतल्या, दोन्ही माझ्याच. माईकसमोर उभा राहिलो, घसा साफ केला आणि टाकल्या धापा. टोपी काचेमागून म्हणतो, "काका, छान. सुंदर. पण जरा तयार वाटतंय. गेल्या वेळची भीती येत नाहीये." म्हटलं, संपलं, एकदा चुकून लागून गेली होती, आपल्याला काही येत नाही, आता नाटकातला तो तरुण मुलगा येणार धापा टाकायला! रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

तेव्हा आता आमच्याकडे सकाळी हे असं असतं. बाथरूममध्ये ही, "मी परत आलोय!" चाळीस तऱ्हांनी, आणि जिन्यात मी. वर, खाली, वर, खाली. लोक उठायच्या आत. मास्तरांचं दार वाजलं की मी कठड्याला टेकून, तोंड पुसून, असा उभा, जणू पेपर आणायला निघालोय. परवा मास्तरांनी गाठलंच. "मीटरवाले, तुमची ती धाप... उपजत हो, उपजत!" मी काय बोलणार? श्वास कुठं होता बोलायला!

आणि काल टोपीचा फोन. मी मोठ्या आशेनं विचारलं, "काय हो, तुमची ती लिफ्ट?" म्हणाला, "अहो काका, नवी कोरी बसवलीय! गारेगार, आत आरसा, बसायला स्टूल. ताईंच्या गुडघ्यांची काळजीच मिटली. ताईंना लिफ्टनं पाठवा... तुम्ही जिन्यानं या."

आपलं काम काय? आपण फक्त धापा टाकायच्या.